झोपे की तायडे

“पहिला राउंड झोपेचा,” पाचपांडे गार्डांनी कॉटवर मांडी घालून निकाल देऊन टाकला. “त्यात वादच नाही. पुंडलिकचा डावा हात इतका लांब, का तायडेले जवळ येताच आलं नसतं. तीन मिनिटं नुसता लांबूनच मार खात राह्यला असता.”

“घ्या, पहिला तुमाले देला,” शेजारच्या कॉटवरून इस्माईल फिटर म्हणाले. “पन राउंड तीन असतेत ना गार्डसाहेब? दुसऱ्यात पुंडलिकचा दम कमी व्हयाचा. तेव्हा सुपडूचा उजवा सुटला का खेळ संपला. वर्कशॉपात घन मारनारा हात होता तो.”

“लागला तर ना! पुंडलिक तिथं उभा तर राह्यला पाह्यजे!”

“किती पळंल बापा? रिंग काय यार्ड आहे का?”

सगळा वॉर्ड हसला. खोकणारेही खोकता खोकता हसले. मी तेवढी हसले नाही. मी आमच्या ह्यांना चमच्याने पेज भरवत होते, आणि अर्धी पेज हनुवटीवरून टॉवेलवर येत होती.

पुंडलिक झोपे म्हणजे आमचे हे. चार नंबरची कॉट. आणि सुपडू तायडे तिरक्या समोर, खिडकीपाशी, नऊ नंबरच्या कॉटवर नाकात ऑक्सिजनची नळी घालून पडला होता. ज्या दोघांची मॅच ही म्हातारी मंडळी सकाळपासून लावत होती, ते दोघेही वीस पावलांच्या आत होते. दोघांपैकी एकालाही आता धड मूठ वळता येत नव्हती.

ही दोन हजार तीन सालच्या जानेवारीतली गोष्ट. खानदेशातली थंडी, रेल्वेच्या दवाखान्यातला पुरुषांचा वॉर्ड, आणि बारा कॉटांवर बारा निवृत्त माणसं. कोणाला दुसरा उद्योग नाही. वर्तमानपत्र दहा वाजेपर्यंत वाचून संपायचं, मग राजकारण संपायचं, मग जेवणाला नावं ठेवून व्हायची. आणि मग कोणीतरी ती मॅच काढायचं. आमच्या जंक्शनच्या गावात ती एकोणतीस वर्षं चालू होती. न झालेली मॅच एवढी चालते, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

बाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं. चौऱ्याहत्तर साली आमच्या रेल्वेत दोन हेवीवेट बॉक्सर होते. हेवीवेट म्हणजे एक्याऐंशी किलोच्या वरचे. आमचे हे इंजिनावर फायरमन. लोको शेड त्यांच्या बाजूने. सुपडू तायडे वर्कशॉपात घण मारायचा. वर्कशॉप त्याच्या बाजूने. “झोपे समोरच्याले झोपवतो,” असं शेडवाले म्हणायचे, आणि “तायडे झोपेले उठू देनार नाही,” असं वर्कशॉपवाले. सराव दोघांचा एकत्र, रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये, एकाच मास्तरांच्या हाताखाली. पण तायडे आदल्या वर्षापर्यंत खालच्या वजनात खेळायचा, म्हणून सामन्यात दोघं कधी समोरासमोर आले नव्हते. चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात पहिल्यांदा येणार होते. मोठ्या स्पर्धेच्या संघात हेवीवेटची जागा एकच होती, आणि त्या जागेसाठी दोघांची ट्रायल ठरली होती.

दोघांचं वैर होतं असं कोणी समजू नये. सुपडूभाऊ आठवड्यातून तीनदा आमच्याकडे जेवायला असायचा. माझ्या भाकरी मोजायचा नाही, मीही मोजायचे नाही. मला वहिनी म्हणायचा, आणि ह्यांना चिडवायचं असेल तेव्हा मला पुढे करायचा. “वहिनी, याले सांगा, तोंडापुढं गार्ड वर ठेव म्हना. माह्यं ऐकत नाही.”

मग आठ मेला रेल्वेचा संप सुरू झाला. ट्रायल रद्द झाली. सुपडूभाऊ संपात गेला, आणि पोलीस धरपकड करायला लागले तसा लपून बसला. आमचे हे कामावर गेले. का गेले ते मी सांगते: मी पाठवलं. मुलगी दहा महिन्यांची होती, क्वार्टर खाली करायच्या नोटिसा निघत होत्या, आणि माझ्या माहेरी मला ठेवून घेणारं कोणी नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही गेला नाहीत तर मी पोरीला घेऊन विहीर जवळ करीन. विहिरीबिहिरीत जाणारी बाई मी नव्हे, पण त्यांनी खरं मानलं. संपात कामावर राहणाऱ्याला लॉयल म्हणायचे. आमच्या दारावर कोणीतरी खडूने मोठ्या अक्षरात ‘लॉयल’ लिहिलं. तो शब्द आमच्या कॉलनीत शिवीसारखाच वापरला जायचा. मी तो ओल्या फडक्याने पुसला, दुसऱ्या दिवशी परत लिहिला होता.

पुढचं सगळ्या गावाला पाठ आहे. ह्यांनी तायडेला निरोप पाठवला, की नाव कोणाचंही जाऊ दे, आपण दोघं एकदा उभे राहू. चौदा मेला दुपारी दोन वाजता, इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये, दार लावून. मे महिन्यात आमच्याकडे दोन वाजता कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं. तायडे आला. मास्तरांनी त्याच्या एका हाताला ग्लोव्ह बांधला, दुसऱ्याची नाडी आवळत होते, आणि दारातून पोलीस आत आले. एका हातात ग्लोव्ह तसाच घालून त्याला नेलं. तीन आठवडे तुरुंग, मग बडतर्फी. तीन वर्षांनी नोकरी परत मिळाली, पण तोपर्यंत बायको माहेरी गेली होती, दोन पोरांपैकी धाकटं आजाराने गेलं होतं, आणि त्याने पुन्हा ग्लोव्ह घातला नाही.

जागा ह्यांना मिळाली. लढल्याशिवाय. मोठ्या स्पर्धेत गेले आणि पहिल्याच राउंडमध्ये आडवे झाले.

मग गाव बोलायचं थांबतंय कशाला? अर्धे म्हणायचे, तायडे असता तर नाव काढलं असतं. अर्धे म्हणायचे, त्या दिवशी झोपेचं अंग ठीक नव्हतं. आणि दोन्हीकडचे आवाज उतरवून एक गोष्ट बोलायचे, की झोपेनंच बोलावलं आणि झोपेनंच धरून दिलं. हरायची भीती होती म्हणून.

हे त्यावर कधीच बोलले नाहीत. कोणी तोंडावर म्हटलं तरी नाही. सुपडूभाऊ तर त्यांच्याशी बोललाच नाही. एकाच गावात, एकाच स्टेशनात, एकोणतीस वर्षं. समोरून आला तर रूळ ओलांडून पलीकडे जायचा.

वॉर्डातलं हसणं थांबल्यावर ह्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हात थरथरत होता. तो तसा सहा वर्षांपासून थरथरायचा. डोक्याला बसलेल्या मारानं असं होतं, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आधी हात, मग जीभ, आता गिळणं.

“त्याले... इचार,” ते म्हणाले.

“काय विचारू?”

“कोन जिंकलं असतं.”

“हे सगळे सांगून राह्यले ना सकाळपासून.”

“यांचं... काय करायचं? त्याले इचार.”

तीन दिवसांत त्यांनी मला हे किती वेळा म्हटलं असेल त्याला गणती नाही. झोपेतून जागे झाले की तेच. सलाइन लावताना तेच. बरे होते तेव्हाही म्हणायचे, की बाकीच्यांनी काहीही म्हणू दे, त्या मॅचचा निकाल सांगू शकणारा माणूस एकच आहे आणि तो माझ्याशी बोलत नाही. आता तो माणूस वीस पावलांवर होता, आणि दोघांकडेही फार दिवस उरलेले नव्हते. डॉक्टरांनी तसं मला सांगितलं होतं, आणि तायडेच्या सुनेलाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची सून डबा आणायला घरी गेली. मी कपात थोडा कोमट चहा घेतला आणि नऊ नंबरपाशी गेले. त्याचं अंग निम्मंही राहिलं नव्हतं. तेवढे पंजे मोठे होते, चादरीवर ठेवलेले.

“सुपडूभाऊ,” मी म्हटलं. “चहा घेतोस का थोडा?”

त्याने डोळे उघडले. मला वाटलं, तोंड फिरवील. पण माझ्याशी त्याचं भांडण नव्हतंच कधी.

“वहिनी. म्हाताऱ्या झाल्या तुम्ही.”

“तू काय तरणा राह्यलास का?”

तो हसला, आणि हसण्यानेच त्याला धाप लागली. मी नळी सरळ केली. दोन घोट चहा त्याच्या घशाखाली उतरला.

“ते तुझ्याशी बोलू म्हणतेत,” मी म्हटलं. “एकच गोष्ट विचारायची आहे म्हणतेत.”

“मले ऐकू येते ना. तीन दिसापासून ऐकू रायलो. कोन जिंकलं असतं.” तो थांबला. मग म्हणाला, “सांगतो मी. पन आधी तुम्ही मले सांगा. तुम्ही खोटं नाही बोलनार. त्यानं मले बोलावलं, ते लढायसाठी का धरून द्यायसाठी?”

“लढायसाठी,” मी म्हटलं. “पोरीची शपथ. तीन रात्री झोपले नव्हते ते. बॅग कुठं लटकवता येत नाही म्हणून धान्याच्या पोत्याले मारत होते.”

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

“मंग पोलिसाले कोनं सांगतलं?”

मी कप खाली ठेवला.

“आमी चौघंच होतो वहिनी. मी, पुंडलिक, मास्तर आन चौकीदार. मास्तर देवमानूस. चौकीदार माह्या सख्ख्या मावशीचा पोरगा. राह्यलं कोन? एकोनतीस वर्सं मी हेच मोजू रायलो. तुमाले माहीत असंल तर सांगा. कोनाचंही नाव सांगा, मले चालते. पन तो नाही एवढं कळू द्या.”

वॉर्डात तेव्हा पाचपांडे गार्ड घोरत होते. बाहेर शंटिंग चालू होतं, डबे एकमेकांवर आपटत होते. त्याला काय हवं होतं ते माझ्याइतकं स्पष्ट दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. आणि द्यायला माझ्याकडे ते होतं.

“मले काय माहीत भाऊ,” मी म्हटलं.

त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, “तुमाले माहीत नसंल, तर मंग तोच. आना त्याले.”

मी वॉर्डबॉयच्या मदतीने ह्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं. गालांवर नुकतीच दाढी केली होती. त्यांनी मला खुणेने केस नीट करायला सांगितले, ते मी केले. खुर्ची नऊ नंबरच्या दिशेने वळली तसा सगळा वॉर्ड जागा झाला. इस्माईल फिटर उठून बसले, गार्डांनी चष्मा शोधला.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. ह्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर तडतड वाजत होता.

“सुपडू,” हे म्हणाले. “कोन?”

“तू,” तायडे म्हणाला.

ह्यांचा चेहरा असा उजळला, की मला क्षणभर वाटलं, मी केलं ते बरोबरच होतं. सगळं निभावलं.

“तूच जिंकला असता पुंडलिक,” तायडे एकेका श्वासाला एकेक शब्द काढत म्हणाला. “बेल वाजायच्या आंधीच... जो समोरच्याले पोलिसाच्या हाती देते... त्याच्याम्होरं कोन टिकंल? तूच जिंकला. घेऊन जा.”

ह्यांनी तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं, एकदाच. मग तोंड मिटलं. हात पुढे करून त्यांनी तायडेच्या पंजाला लावायचा प्रयत्न केला, पण हात धड जागेवर जाईना, आणि तायडेने पंजा चादरीत ओढून घेतला. मी खुर्ची वळवली. चाक कॉटच्या पायात अडकलं, वॉर्डबॉयने उचलून सोडवलं. गार्डांनी चष्मा काढून ठेवला.

आता मी सांगते. हे मी पोटच्या पोरीलाही सांगितलेलं नाही.

चौऱ्याहत्तर साली फेब्रुवारीत सराव करताना सुपडूभाऊचा उजवा हात ह्यांच्या कानशिलावर बसला होता. सरावातला, अर्ध्या जोराचा. हे घरी आले आणि जेवले. मग मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारली. मला गंमत वाटली. दुसऱ्या दिवशीही तीच हाक. तिसऱ्या दिवशी सकाळी पाळण्यापाशी उभे राहिले आणि मला विचारलं, ही पोरगी कोणाची? तासाभराने सगळं आठवलं. मला म्हणाले, कोणाला सांगितलंस तर बघ, माझी ट्रायल जाईल. मी सांगितलं नाही. पण तेव्हापासून मला तो उजवा हात स्वप्नात दिसायचा. अर्ध्या जोराने एवढं, तर पुऱ्या जोराने काय?

चौदा मेला सकाळी कॉलनीच्या नळावर एक शिपाई पहाऱ्याला होता. संपाचे दिवस, लॉयल घरच्या बायकांना कोणी त्रास देऊ नये म्हणून ठेवलेला. मी घागर भरली. कमरेवर घेतली. दोन पावलं गेले, आणि परत फिरले. म्हटलं, दादा, आज दोन वाजता इन्स्टिट्यूटात तायडे येणार आहे. एवढंच.

मला वाटलं, त्याला दारातूनच हुसकून लावतील. खेळाडू आहे, सगळे ओळखतात, जा म्हणतील घरी. तो जाईल, मॅच मोडेल, माझा नवरा माझ्या पोरीला ओळखत राहील. तुरुंग माझ्या डोक्यातही नव्हता. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. चोवीस वर्षांची बाई होते, धरपकड रोज डोळ्यांनी बघत होते, आणि तरी डोक्यात नव्हता, कारण मला तो डोक्यात येऊ द्यायचा नव्हता.

आणि एवढं करून वाचवलं काय? मोठ्या स्पर्धेत ज्याला आम्ही ओळखतही नव्हतो अशा माणसाने त्यांना पाडलं. पुढे आणखी चार वर्षं ते खेळले, मार खात राहिले. जणू काही कोणाला तरी काही दाखवून द्यायचं होतं. ते कोणाला, हे मला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर चादरी बदलत होत्या तेव्हा सुपडूभाऊ गेला. आवाज नाही, धडपड नाही. सिस्टरने नऊ नंबरची चादर ओढायला हात घातला आणि तशीच थांबली. मग पडदे लावले. सून रडली, मुलगा कामावरून धावत आला. अकरा वाजता त्याला बाहेर नेलं. इस्माईल फिटर काठी टेकत दारापर्यंत गेले. पाचपांडे गार्ड कॉटपाशी उभे राहिले, गाडी सुटताना राहायचे तसे, ताठ.

मी हात जोडले. माझ्या तोंडातून काल दोन शब्द निघाले असते तर हा माणूस हलका होऊन गेला असता. ती वेळ माझ्या हातात होती आणि मी ती घालवली, स्वतःच्या तोंडाला काळं लागू नये म्हणून. मला माझीच किळस आली, आजही येते.

हे सगळं बघत होते. दुपारपर्यंत पेजही घेतली नाही. जेवणानंतर वॉर्ड निजला. ऊन खिडकीतून रिकाम्या कॉटवर आलं होतं.

“इंदू,” ते म्हणाले.

मी दचकले. सगळ्या संसारात मी ‘अगं’ होते, नाहीतर ‘ऐकलं का’. नावाने कधी हाक नव्हती.

“तुले काय वाटते? कोन जिंकलं असतं?”

सगळ्या गावाला विचारून झालं होतं. मला त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. त्या दिवशी त्यांची जीभही बरीच साफ होती.

“तुम्ही,” मी म्हटलं. “दुसरं कोन?”

“मंग त्या शिपायाले कायले सांगतलं?”

माझ्या हातातली वाटी कॉटवर उपडी झाली. मी ती उचलली, फडक्याने पुसत राहिले. गादीत पेज मुरली तरी पुसत राहिले.

“कधीपासून माहीत आहे?” मी विचारलं.

“त्याच दिसापासून. हॉलमधून त्याले नेलं, आन तो शिपाई माह्याजवळ आला. म्हने, तुमच्या घरच्यांचे लई उपकार झाले.”

“एवढी वर्षं! लोक तुम्हाले नाही नाही ते बोलले. काल तो बोलला. तुम्ही सांगितलं का नाही त्याले?”

“तू बाजूले उभी होती ना,” ते म्हणाले.

त्यांनी ते रागाने म्हटलं नाही. ते माझी वाट बघत होते, काल, त्या खुर्चीत बसून; हे मला तेव्हा समजलं. मला रडूही येईना. मी त्यांचा थरथरता हात धरला, तो माझ्या हातात थरथरत राहिला.

“खरं सांग आता,” ते म्हणाले. “आता कोन ऐकून राह्यलं? कोन जिंकलं असतं?”

“तो,” मी म्हटलं. “तुम्ही हरले असते. मले भीती वाटली.”

त्यांनी मान हलवली. पुष्कळ वेळ हलवत राहिले. आजारामुळे की होकारासाठी, ते मला आधी कळेना.

“हो,” ते म्हणाले. “हरलो असतो. दुसऱ्या राउंडात. मलेही माहीत होतं.”

मग म्हणाले, “पन सुपडू बोलला असता ना माह्यासंग.”

त्यानंतर हे अकरा महिने जगले. ती मॅच त्यांनी पुन्हा काढली नाही, दुसऱ्या कोणी काढली तर खुणेने घरी न्यायला सांगायचे. मला मात्र एका शब्दाने कधी काही म्हणाले नाहीत. जीभ चालेल तोवर रोज माझ्याशी बोलले, भाजीचं, पोरीचं, थंडीचं. त्यांचं ते बोलणंच मला अजून सोसत नाही.